डेसिबल मीटर, ईसीजीची पट्टी आणि आयर्विनची पातळी: लाटा नोंदवणारी यंत्रे कशी वाचावीत

गणेशोत्सव जवळ आला की सांगली, मिरज आणि साताऱ्यात एक वाद दरवर्षी नव्याने उभा राहतो. मिरवणूक दारावरून जाताना खिडक्यांच्या काचा थरथरतात, फळीवरची भांडी वाजतात, घरातील वयस्क माणसांच्या छातीवर दडपण येते. पण रस्त्याच्या कडेला धरलेल्या डेसिबल मीटरवरचा आकडा या अनुभवाशी जुळत नाही. तक्रार करणाऱ्याला वाटते की मीटर बिघडलेला आहे किंवा मोजणारा काही लपवतो आहे. मंडळाच्या कार्यकर्त्याला वाटते की आकडा आपल्या बाजूने आहे, म्हणजे तक्रारच खोटी आहे. वास्तविक दोघेही प्रामाणिक असू शकतात आणि मीटरही बिनचूक चालत असू शकतो.

ज्या मिरजेत ही मिरवणूक स्वागत कमानींखालून पुढे सरकत असते, त्याच मिरजेत दूरदूरच्या गावांतून आलेले रुग्ण ईसीजीची चौकटी-चौकटींची पट्टी हातात घेऊन दवाखान्यांच्या पायऱ्या उतरत असतात. त्या पट्टीवरचा 'नॉर्मल' हा शब्द वाचून कोणी निर्धास्त होतो, तर यंत्राने आपोआप छापलेली एखादी इंग्रजी ओळ पाहून कोणी रात्रभर झोपत नाही. अडचण दोन्हीकडे एकच आहे. यंत्राने काढलेली रेघ किंवा दाखवलेला आकडा डोळ्यांसमोर असतो. तो कशाचा आहे, कोणत्या मापाने मोजलेला आहे आणि किती वेळातला आहे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. या लेखात तेवढेच समजून घ्यायचे आहे.

लाट आणि तिची रेघ

पावसाळ्यात सांगलीकर सकाळी उठल्याबरोबर जो प्रश्न विचारतो, तो म्हणजे आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी किती झाली. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे येथे शाळेतल्या मुलालाही पाठ असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, हेही कोणी विसरलेले नाही. समजा, एखाद्याने दर तासाला ही पातळी वहीत लिहून ठेवली आणि मग आडव्या दिशेने वेळ व उभ्या दिशेने फूट धरून ते बिंदू जोडले, तर एक चढती-उतरती रेघ तयार होईल. त्या रेघेत नदीचे पाणी नसते, त्याचा वेग नसतो, गढूळपणा नसतो. एका ठरावीक जागी, एका ठरावीक शून्यापासून मोजलेली एकच गोष्ट वेळेबरोबर कशी बदलली, एवढेच तिच्यात असते.

आवाज नोंदवणारे यंत्र आणि हृदयाची वीज नोंदवणारे यंत्र नेमके हेच करते. पाण्याच्या पातळीच्या जागी एकात हवेचा दाब असतो आणि दुसऱ्यात विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज. पुराची रेघ भरायला आठवडा लागतो आणि आवाजाची रेघ एका सेकंदात शेकडो वेळा वर-खाली होते, हा फरक वेगाचा आहे. वाचण्याची रीत तीच राहते. रेघ किती उंच जाते यावरून लाटेचा जोर कळतो. ती एका सेकंदात किती वेळा हेलकावे घेते, त्या संख्येला वारंवारिता म्हणतात आणि ती हर्ट्झमध्ये सांगतात. सेकंदाला शंभर हेलकावे म्हणजे १०० हर्ट्झ. तरुण, निरोगी माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकतो. ढोलाचा ठोका या पल्ल्याच्या खालच्या टोकाजवळ असतो, तर ताशाची तडतड आणि झांजेचा झणत्कार बराच वर.

हवेतला दाब तारेत कसा येतो

आवाजाची रेघ काढण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न विजेशिवाय झाला. फ्रान्समधील एदुआर-लिऑं स्कॉट द मार्तिन्व्हिल या छपाईच्या व्यवसायातील माणसाने १८५७ साली एक यंत्र पेटंट केले. त्यात आवाज एका नरसाळ्यातून ताणलेल्या पडद्यावर पडे, पडद्याला जोडलेला राठ केस हलत असे आणि काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर तो नागमोडी रेघ ओढत असे. ही रेघ पुन्हा ऐकता यावी असा त्याचा हेतूच नव्हता. आवाज डोळ्यांना दिसावा, एवढेच त्याला हवे होते. ऐकवणारे यंत्र एडिसनने १८७७ साली केले. स्कॉटने १८६० मध्ये काढलेली एक रेघ २००८ साली संशोधकांनी संगणकाच्या साहाय्याने वाचली आणि जवळजवळ दीडशे वर्षांनी तिच्यातून माणसाच्या गाण्याचा आवाज बाहेर आला. रेघ प्रामाणिकपणे ओढलेली असेल, तर तिच्यात किती साठलेले असते, याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही.

आजच्या मायक्रोफोनमध्येही पातळ पडदा असतोच, पण त्याच्या हालचालीतून आता केस न हलता व्होल्टेज बदलते. येथे मोजायची गोष्ट किती सूक्ष्म आहे, याची कल्पना असावी. हवेचा नेहमीचा दाब सुमारे एक लाख पास्कल असतो. कानाला त्रासदायक वाटणाऱ्या ९४ डेसिबलच्या आवाजात हा दाब अवघा एक पास्कलभर वर-खाली होतो, आणि जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजात तर पास्कलच्या पन्नास हजाराव्या भागाइतकाच. म्हणजे आपला कान हवेच्या एकूण दाबातला सुमारे पाचशे कोटींवा भाग टिपतो. यंत्राला त्याची बरोबरी करायची असते.

हृदयाची वीज छातीवर कशी सापडते

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याआधी त्याच्या स्नायूंतून विजेची एक लाट जाते; ती वरच्या कप्प्यांत सुरू होते आणि खालच्या कप्प्यांत पसरते. शरीरातील क्षारयुक्त द्रव वीज वाहून नेतात, त्यामुळे या लाटेची पुसट खूण हातापायांच्या त्वचेपर्यंत पोहोचते. ती फार तर एक-दोन मिलिव्होल्ट, म्हणजे घड्याळातल्या साध्या सेलच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास असते.

इतकी क्षीण आणि इतकी चपळ वीज नीट रेखाटण्याचे श्रेय नेदरलँड्समधील लायडन येथील विलेम आइन्थोव्हेन यांना जाते. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीस त्यांनी चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा एक अतिबारीक तंतू शक्तिशाली चुंबकाच्या दोन टोकांमध्ये ताणून बसवला. हृदयाची वीज तंतूतून गेली की तो बाजूला सरके आणि त्याची सावली सरकत्या फोटोच्या काचेवर उमटे. यंत्राचे वजन सुमारे २७० किलो होते, ते चालवायला पाच माणसे लागत आणि रुग्ण हात व पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसत असे. हे धूड रुग्णालयात नेणे शक्य नव्हते, म्हणून आइन्थोव्हेन यांनी सुमारे दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातून टेलिफोनच्या तारेने रुग्णांच्या हृदयाची वीज प्रयोगशाळेत आणली. १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ईसीजीतील उंचवट्यांना त्यांनी दिलेली पी, क्यू, आर, एस, टी ही नावे आजही जगभर तशीच वापरली जातात.

आता मिठाच्या पाण्याऐवजी हातापायांना चिमटे आणि छातीवर चिकटणाऱ्या वाट्या लावतात. एकूण दहा ठिकाणी जोडण्या असतात आणि त्यांच्या निरनिराळ्या जोड्यांमधून बारा रेघा काढल्या जातात. या बारा रेघा बारा वेगळ्या गोष्टींच्या नसतात. एकाच हृदयातून जाणारी एकच लाट बारा दिशांनी पाहिलेली असते. वाटी एक-दोन इंच इकडेतिकडे लागली किंवा डाव्या-उजव्या हाताचे चिमटे बदलले, तर रेघ बदलते, हृदय मात्र तेच असते.

पट्टीवरच्या चौकटी हे तिचे माप आहे. साधारणपणे कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणून आडवी एक बारीक चौकट ०.०४ सेकंदाची आणि पाच बारीक चौकटींची मोठी चौकट ०.२ सेकंदाची असते. उभ्या दिशेला १० मिलिमीटर म्हणजे एक मिलिव्होल्ट. पट्टीच्या सुरुवातीला किंवा शेवटी दिसणारा दोन मोठ्या चौकटींइतका उंच, सपाट माथ्याचा ठोकळा हृदयाचा नसतो. यंत्राने स्वतःच एक मिलिव्होल्ट वीज देऊन 'माझे माप हे आहे' असे त्यातून नोंदवलेले असते. ठोके नियमित असतील, तर दोन उंच टोकांमधल्या मोठ्या चौकटी मोजाव्यात आणि ३०० ला त्या संख्येने भागावे: चार चौकटी असतील तर नाडी मिनिटाला ७५. हे कोणीही घरी करून पाहू शकतो. अर्थ लावण्याचे काम मात्र डॉक्टरांचेच.

किती वेळा मोजायचे

जुन्या यंत्रात लेखणी किंवा सावली अखंड रेघ ओढत असे. आजची यंत्रे थांबून थांबून मोजतात आणि आकडे साठवतात. पुलावरची पातळी दर तासाला पाहिली तर पुराचा चढ-उतार नीट कळतो, कारण नदी पाच मिनिटांत दहा फूट चढत नाही. दिवसातून एकदाच दुपारी पाहिली, तर रात्रीतून येऊन गेलेला फुगवटा वहीत कधीच दिसणार नाही. गणितातील नियम असा आहे की ज्या सर्वांत जलद हेलकाव्याची नोंद घ्यायची, त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजले पाहिजे. कानाची वरची मर्यादा २०,००० हर्ट्झ असल्यामुळे सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० मोजमापे ठरवली गेली. हृदयाची लाट त्या मानाने संथ असते. ईसीजी यंत्राला सेकंदाला ५०० मोजमापे बहुधा पुरतात.

एका रेघेत अनेक लाटा

मिरजेचे सतारमेकर आणि त्यांचे तंबोरे साऱ्या देशात नावाजलेले आहेत; मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. लाटा समजून घेण्यासाठी तंबोऱ्याइतके उत्तम साधन दुसरे नाही. काळी एकला लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याची जोडीची तार छेडली की ती सेकंदाला सुमारे १३९ वेळा कंप पावते. पण आवाजाचे पृथक्करण करणाऱ्या संगणक प्रणालीत तो सूर टाकला, तर १३९ हर्ट्झवर एक उंच खूण दिसते आणि तिच्या पुढे २७८, ४१७, ५५६ अशा पटींवर खुणांची रांगच दिसते. तार एकाच वेळी अख्खी, अर्धी, तिसऱ्या हिश्श्याने अशी अनेक प्रकारे हलत असते आणि मायक्रोफोनची एकच रेघ या साऱ्यांची बेरीज असते. ही बेरीज पुन्हा सुटी करता येते, हे फ्रान्सच्या फूरिए यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गणिताने दाखवले.

जवारी लावताना, म्हणजे तंबोऱ्याचा नाद खुलवताना, कारागीर तारांखालच्या घोडीचा माथा घासून त्याला अगदी हलका उतार देतो आणि तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवून नेमकी जागा शोधतो. तार त्या रुंद माथ्याला क्षणोक्षणी स्पर्श करत राहते आणि वरच्या पटींचे सूर उमलून येतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणेवर लिहिलेल्या टिपणात दाखवले की, तार ज्या बिंदूवर छेडली तेथे स्थिर राहणारे सूर पाश्चात्त्य नियमानुसार उमटायला नकोत, ते या वाद्यांत स्पष्ट ऐकू येतात. कारागिराच्या कानाने आधीच साधलेली गोष्ट यंत्राच्या रेघेत नंतर दिसली, आणि मला यात दोघांचाही गौरव वाटतो.

मिरवणुकीच्या आवाजाचेही असेच आहे. तो एक आवाज नसतो, अनेक वारंवारितांची बेरीज असते. ही गोष्ट ध्यानात ठेवूनच पुढे जायला हवे, कारण मीटरचे कोडे येथेच आहे.

डेसिबल म्हणजे नेमके किती

जेमतेम ऐकू येणारा आवाज आणि कान दुखवणारा आवाज यांच्या दाबांत दहा लाख पटींचा फरक असतो. एवढा पल्ला साध्या पट्टीवर मावत नाही, म्हणून डेसिबलची पट्टी पटींची केली आहे. जेमतेम ऐकू येणाऱ्या दाबाला शून्य धरतात. त्यानंतर दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहा पट होते आणि ३ डेसिबलने सुमारे दुप्पट. एका स्पीकरच्या शेजारी तसाच दुसरा स्पीकर लावला, तर ९० चे १८० डेसिबल होत नाहीत, ९३ होतात. 'फक्त तीनच डेसिबल जास्त' असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा कानात दुप्पट ऊर्जा जात असते.

कानाच्या दृष्टीने हा हिशेब फार महत्त्वाचा आहे. कामगारांच्या आरोग्यासाठी अमेरिकेत केलेल्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाकाठी आठ तासांपेक्षा जास्त काळ राहू नये, आणि पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे उरतात. स्पीकरच्या भिंतीपुढे तासन्‌तास नाचणारी मुले, जनित्राच्या गाडीवर बसलेला कामगार, बंदोबस्ताचे पोलीस आणि पथकात कानाशी ताशा वाजवणारी पोरे ही मर्यादा पहिल्याच चौकात ओलांडतात. आतल्या कानातील सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

मीटर कमी दाखवतो, तरी काच का थरथरते

आपला कान सगळ्या वारंवारिता सारख्या जोराने ऐकत नाही. अगदी खालचे, घुमणारे आवाज त्याला कमी ऐकू येतात आणि २,००० ते ५,००० हर्ट्झच्या टापूतले आवाज सर्वांत तीव्रतेने. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली माणसांवर प्रयोग करून याचे आलेख प्रसिद्ध केले. त्यांच्या आधारे आवाजाच्या मीटरमध्ये 'ए' नावाची गाळणी बसवली गेली: मायक्रोफोनने सगळे टिपायचे, मग खालच्या वारंवारितांमधून ठरलेले आकडे वजा करायचे आणि त्यानंतर बेरीज दाखवायची. १,००० हर्ट्झला ही गाळणी काहीही वजा करत नाही. १०० हर्ट्झला ती सुमारे १९ डेसिबल वजा करते, ६३ हर्ट्झला सुमारे २६ आणि ५० हर्ट्झला सुमारे ३०.

आता डीजेचा बेस घ्या. त्याचा मुख्य जोर ४० ते १०० हर्ट्झच्या टापूत असतो. ६३ हर्ट्झचा ठोका प्रत्यक्षात १०५ डेसिबलचा असेल, तर 'ए' गाळणीतून त्याचे ७९ उरतात. मीटर खोटे बोलत नाही. त्याला ज्या मापाने मोजायला सांगितले आहे, त्याच मापाने तो मोजतो. काचेला, पत्र्याला आणि छातीच्या पिंजऱ्याला मात्र ही गाळणी नसते. त्यांच्यावर संपूर्ण १०५ डेसिबलचा दाब आदळतो. शिवाय ६३ हर्ट्झच्या लाटेची लांबी हवेत सुमारे साडेपाच मीटर असते; ती इमारतीला वळसा घालते आणि भिंतींतून फारशी न घटता आत येते, तर झांजेची काही सेंटीमीटरची लाट बंद खिडकीवर बरीचशी अडते. म्हणूनच तीन गल्ल्या पलीकडच्या घरात गाण्याचे शब्द पोहोचत नाहीत, पण ठोका पोहोचतो.

येथे पारंपरिक वाद्यांच्या पथकांची एक रास्त तक्रारही समजून घेता येते. ताशाचा आवाज वरच्या वारंवारितांचा असल्यामुळे 'ए' गाळणी त्यातले जवळजवळ काहीच वजा करत नाही, आणि मीटरवर तो पुरता उमटतो. समोरासमोर उभ्या असलेल्या पथकापेक्षा बेसच्या भिंतीचा आकडा कमी आला, तर त्यात नवल नाही.

मग 'ए' गाळणी चुकीची आहे का, असा प्रश्न येतो. तशी ती नाही. रस्त्यावरची वाहतूक, कारखाने, बोलण्यातला अडथळा यांसाठी ती उपयोगी ठरली आहे. पण ती मंद आवाजांच्या आलेखावरून बेतलेली आहे, आणि आवाज वाढत जातो तसतसा कानही खालचे सूर अधिकाधिक ऐकू लागतो. मोठ्या आवाजासाठी 'सी' नावाची दुसरी गाळणी आहे, जी ६३ हर्ट्झला एक डेसिबलही वजा करत नाही. चांगल्या मीटरवर या दोन्हींची सोय असते. दोन्ही आकडे घेतले आणि 'सी' चा आकडा 'ए' पेक्षा १५-२० डेसिबलने जास्त आला, तर समोर बेस किती आहे हे लगेच कळते.

आपला कायदा 'ए' वर उभा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५, व्यापारी भागात ६५ व ५५, औद्योगिक भागात ७५ व ७०, आणि शांतता क्षेत्रात ५० व ४० डेसिबल अशा मर्यादा आहेत. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. ध्वनिक्षेपकासाठी सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल ते. हे सारे आकडे 'ए' गाळणीतले आणि ठरावीक काळाच्या सरासरीचे आहेत. निवासी भागातील मर्यादा इतक्या खाली आहेत की बेसची भिंत 'ए' मापानेही त्या मोडतेच. म्हणून कायदा निरुपयोगी आहे, असे कोणी म्हणू नये. परंतु त्रास किती झाला याचे माप तो आकडा देत नाही. मिरवणुकीच्या नोंदीत 'ए' सोबत 'सी' चा आकडाही लिहिला जावा, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, मीटरवरचे एक बटण दाबावे लागते.

सरासरी या शब्दाविषयीही गैरसमज आहे. ही सरासरी ऊर्जेची असते. तासभरात ५९ मिनिटे ६० डेसिबल आणि एकच मिनिट १०० डेसिबल आवाज झाला, तर साधी सरासरी ६१ च्या आत येईल. ऊर्जेची सरासरी मात्र ८२ येते. एका मिनिटाचा दणका तासावर उमटतो. याउलट मोजणी त्या मिनिटाच्या आधी थांबवली, तर तो अजिबात दिसत नाही.

मोबाइलवरच मोजले तर काय बिघडते

बरेच लोक फोनवरच्या अ‍ॅपने मोजून त्याचे चित्र पुरावा म्हणून दाखवतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण फोनचा मायक्रोफोन बोलण्यासाठी बनवलेला असतो. अनेक फोन खालच्या वारंवारिता मुद्दाम कमी करतात, मोठा आवाज आला की संवेदनशीलता आपोआप घटवतात, आणि फारच मोठा आला तर लाटेचे शेंडे छाटले जातात. छाटलेल्या रेघेवरून खरी उंची काढता येत नाही.

यंत्राचा पल्ला किती महत्त्वाचा असतो, हे सातारा जिल्ह्याने जगाला दाखवले आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे पाटण तालुक्यात कोयनानगरला भूकंप झाला. दूरचे, बारीक धक्के टिपणारे भूकंपमापक इतक्या जवळच्या धक्क्यात पल्ल्याबाहेर जातात. कोयना धरणाच्या आतील बोगद्यात मात्र प्रबळ धक्के मोजण्यासाठीच बनवलेले यंत्र बसवलेले होते. असे यंत्र एरवी शांत असते आणि जमीन ठरावीक मर्यादेपलीकडे हलली की स्वतः सुरू होऊन रेघ ओढते. त्याने धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाच्या प्रवेगाच्या ०.६३ पट आणि आडव्या दिशेने ०.४९ पट धक्का नोंदवला. त्या काही सेकंदांच्या रेघा आजही जगभरचे अभियंते काँक्रीटच्या धरणांची गणिते तपासण्यासाठी वापरतात.

आवाजाच्या मीटरसाठी आयईसी ६१६७२ हे आंतरराष्ट्रीय मानक असून त्यात पहिला आणि दुसरा असे दोन वर्ग आहेत. मोजण्याआधी आणि नंतर मायक्रोफोनवर एक लहान उपकरण बसवतात, जे १,००० हर्ट्झचा नेमका ९४ किंवा ११४ डेसिबलचा सूर देते. मीटरने तेवढाच आकडा दाखवला पाहिजे. ईसीजीच्या पट्टीवरच्या त्या ठोकळ्याचे आणि या सुराचे काम एकच आहे. अ‍ॅपचा उपयोग नाही असे नाही: एकाच फोनने, एकाच खिडकीतून, नेहमीची रात्र आणि मिरवणुकीची रात्र यांतला फरक पाहायला तो चालतो. त्याचा नुसता आकडा मात्र वादात टिकत नाही.

ईसीजी नॉर्मल आला, मग काळजी मिटली का

साधा ईसीजी सुमारे दहा सेकंदांचा असतो. नाडी ७२ असेल तर त्यात बारा ठोके येतात, आणि दिवसभरात हृदय सुमारे एक लाख ठोके देते. अधूनमधून येऊन जाणारी अनियमितता त्या बारा ठोक्यांत सापडेलच असे नाही. म्हणूनच डॉक्टर कधी कधी २४ किंवा ४८ तास कमरेला लावून फिरायचे छोटे नोंदणीयंत्र देतात.

दुसरी मर्यादा याहून मोठी आहे. ईसीजी हृदयाची वीज मोजतो. रक्तवाहिनीतला अडथळा तो थेट पाहत नाही. अडथळ्यामुळे स्नायूला रक्त कमी पडले आणि त्यामुळे विजेची लाट बदलली, तरच रेघ बदलते. विश्रांती घेत असताना हा बदल नसू शकतो, आणि हृदयविकाराच्या झटक्याच्या सुरुवातीलाही पहिला ईसीजी कधी कधी सामान्य दिसतो. म्हणून छातीत दुखत असेल, घाम फुटत असेल, तर डॉक्टर थोड्या वेळाने पुन्हा ईसीजी काढतात आणि रक्ताची तपासणी करतात. तो पैशांसाठी केलेला आग्रह नसतो.

उलट दिशेनेही चूक होते. रुग्ण थंडीने किंवा भीतीने थरथरत असेल, तर स्नायूंची वीज रेघेत मिसळते. घरात येणारी वीज ५० हर्ट्झची असते आणि जवळच्या तारांमधून ती रेघेवर बारीक दातेरी नक्षी उमटवते. यंत्र अशा वेळी गाळणी लावते, पण फार कडक गाळणी खऱ्या लाटेचे बारीक कंगोरेही घासून टाकते. आवाजाच्या मीटरमध्ये पाहिलेली देवाणघेवाण येथेही तशीच आहे. म्हणून ईसीजी काढताना बोलू नये, हलू नये, हातावर घड्याळ किंवा खिशात फोन ठेवू नये, असे तंत्रज्ञ सांगतात ते ऐकावे.

ईसीजीचा खरा उपयोग पुष्कळदा जुन्या पट्टीशी तुलना करताना होतो. काही माणसांची रेघ जन्मभर थोडी वेगळी असते आणि ती त्यांच्यासाठी धोक्याची नसते. जुनी पट्टी जवळ असेल, तर आजचा बदल नवा आहे की पूर्वीपासूनचा, हे डॉक्टरांना तत्काळ कळते. पण ही पट्टी बहुतेक वेळा उष्णतेने उमटणाऱ्या कागदाची असते. प्लॅस्टिकच्या पिशवीत, उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवली की काही महिन्यांत रेघ फिकट होते. दवाखान्यातून घरी जातानाच तिची झेरॉक्स काढावी, फोनमध्ये तिचे सपाट आणि पूर्ण छायाचित्र घ्यावे, आणि त्यात नाव, तारीख, कागदाचा वेग व तो मापाचा ठोकळा स्पष्ट दिसतो आहे ना, हे पाहून घ्यावे.